माल्ट नसेल तर

‘त्याच्या जागी हे चालतं’ हे वाक्य ज्याच्या तोंडात चोवीस तास असतं, असल्या माणसाला मी घरात घेत नाही. एकदा घेतलं होतं. सख्खा दीर होता म्हणून.

तो पुण्यात कॉम्प्युटरवर काम करतो. त्या उन्हाळ्यात त्याच्या ऑफिसनं घरून काम करायची मोकळीक दिली, आणि हा दोन बॅगा घेऊन बालाघाटला आला. एका बॅगेत कपडे. दुसरीत काचेचा मोठा बुधला, रबराच्या नळ्या, वीतभर लांब थर्मामीटर आणि बाटल्यांना झाकणं ठोकायचं एक लोखंडी यंत्र. मला वाटलं, बापा, पुण्याहून लोक साड्या आणतात, मिठाई आणतात, यानं काय दवाखाना आणला? तर म्हणतो, “वैनी, मी घरी बिअर बनवतो. हॉबी आहे.”

आमच्या शेजारच्या गल्लीत एक म्हातारी मोहाची काढायची, तेव्हा याच घरात तिच्या नावानं नाकं मुरडली जायची. तिची ती दारू आणि याची ती हॉबी! मी विचारलं, “दारू पकडाले आबकारीवाले आले तं?” हा हसला. “वैनी, टेन्शन नका घेऊ. विकून थोडीच राह्यलो.” माझा नवरा बाजूला बसून मान डोलवत होता. तो खाणीच्या ऑफिसात कारकून होता, आता रिटायर आहे, आणि आयुष्यात त्याला जमलेलं एकच काम म्हणजे भावाच्या बोलण्यावर मान डोलावणं.

दिराला मी भाऊजी म्हणते, तुम्ही म्हणते. आमच्याकडची रीत आहे. तोंडानं मान द्यायचा, पोटात काय आहे ते कोणी विचारत नाही. मी सरकारी शाळेत मास्तरीण आहे, तीस पोरांना दिवसभर ‘चुप बैठो’ म्हणून घरी येते. घरी आल्यावर तरी शांतता मिळावी, एवढीच माझी अपेक्षा असते.

त्याच्या मोबाइलवर एक कृती होती. परदेशातल्या कोणी लिहिलेली. तीत पहिलीच वस्तू माल्ट. मी म्हटलं, ते काय असतं? त्यानं अर्धा तास समजावलं. जवाचे दाणे भिजवायचे, मोड आणायचे, मग वाळवून हलके भाजायचे. मोड आला की दाण्यातल्या पिठाची गोडी व्हायला लागते. ते भरडून गरम पाण्यात धरलं की गोड पाणी निघतं, त्या पाण्यात खमीर घातलं की त्याची बिअर होते.

“म्हणजे मटकीसारखे मोड,” मी म्हटलं.

“मटकी नाही वैनी. माल्टिंग.” असा बोलला, जसं काही मीच तिसरीतली पोरगी.

माल्ट त्यानं ऑनलाइन मागवलं होतं. खमिराची पुडी आली, माल्ट काही आलं नाही. कुरिअरवाला पोतं गोंदियात ठेवून मोकळा झाला आणि वर मेसेज पाठवला की ग्राहक घरी नव्हता. ग्राहक घरीच होता. सकाळी दहापर्यंत माझ्या हॉलमध्ये लोळत होता. दोन दिवस फोनवर इंग्रजीत भांडला आणि तिसऱ्या दिवशी उठून म्हणाला, “हरकत नाही. सगळ्याले पर्याय असते.”

मग सुरू झालं. हॉप्स नावाची कडू फुलं लागतात, ती नाहीत, म्हणून बैहरच्या बाजारातून भुईनिंब आणला. बिअरला रंग यावा म्हणून करपवलेलं माल्ट लागतं, ते नाही, म्हणून गहू भट्टीवर नेऊन काळा करून आणला. भट्टीवाल्यानं विचारलं, “किसके लिए?” हा म्हणाला, “प्रोजेक्ट है.” आणि जव? जव पूजेच्या सामानाच्या दुकानातून. होमात टाकतात ते. मी म्हटलं, भाऊजी, ते जव देवालेही जाळूनच देतात, त्याचं काय बनणार? ऐकेल तर शपथ. भिजवले. त्यातून मोड काही आले नाहीत, सोंडे किडे तेवढे आले. पाण्यावर तरंगत होते सगळे, माझ्या पितळी पातेल्यात.

“जव नाही तं तांदूळ चालते,” हा म्हणाला. “मोठमोठ्या कंपन्या तांदूळ टाकते बिअरमध्ये. आपण तं धानाच्या गावचे.”

धानाच्या गावचे! ज्याच्या बापानं आयुष्यभर धानाच्या शेतात, बांधीत, कंबर वाकवली, त्या बापाचं हे पोरगं. रोवणीच्या दिवसात याला चिखलाची ॲलर्जी व्हायची. पण धान म्हटलं की छाती पुढं.

एका मित्राची राइस मिल आहे, तिथून तो पोतंभर धान, म्हणजे सालासकट तांदूळ, घेऊन आला. मिलच्या अंगणात वाळत घातलेलं होतं, त्यातलंच भरून आणलं. माझ्या पाणी भरायच्या ड्रममध्ये भिजत घातलं. एक दिवस गेला, दुसरा गेला. हा सकाळ-संध्याकाळ पाणी बदलायचा, मुठीत दाणे घेऊन उजेडात धरायचा, मोबाइलमध्ये वाचायचा. तिसऱ्या दिवशी असा घाण वास सुटला की शेजारीण गेटवरून विचारायला लागली, नाली तुंबली का म्हणून.

मी जाऊन ड्रममध्ये हात घातला. दाणा दाताखाली धरला. आणि मला जे हसू फुटलं!

“अवं माय! भाऊजी, हे उसन्याचं आहे!”

“म्हणजे?”

“म्हणजे उकडलेलं! मिलवाले उसना तांदूळ काढाले धान आधी उकडते, मग अंगणात वाळवते. तुम्ही ते उचलून आणलं. मेलेल्याले कोठून मोड येईन?”

नवराही हसला. तो भावावर हसला हे मी पहिल्यांदा पाहिलं. दीर कानापर्यंत लाल झाला. वीस वर्षं याच घरात उसन्या तांदळाचा भात खाल्ला, आणि तो कसा होतो ते ठाऊक नाही! मी पदरानं डोळे पुसत म्हटलं, “मोड पाहिजे तं बियाण्याचं धान लागते भाऊजी. जित्तं धान.”

हे वाक्य मी बोलले. नवरा अजून मला त्याची आठवण करून देतो, तूच तर सांगितलं होतं म्हणून. हौ, सांगितलं. कुलपाला किल्ली लागते हेही मी वर्गात सांगते. म्हणून पोरांनी लोकांची घरं उघडायची का?

आता त्या बियाण्याचं सांगते, कारण सगळं भांडण त्याचं आहे.

आमच्याकडं पोरीच्या पाठवणीला ओटीत तांदूळ घालतात. माझ्या आईनं माझ्या ओटीत धान घातलं. सालासकट. सासरी ओटी उघडली तेव्हा सासू चार बायांत म्हणाली, “तांदूळ कांडालेही वेळ भेटला नाही काय यायच्या घरी?” बाया हसल्या. मी नवी नवरी, मान खाली घालून उभी, आणि आईचा असा राग आला की विचारू नका. पहिल्यांदा माहेरी गेले तेव्हा भांडले तिच्याशी. आई चुलीपुढं बसली होती. म्हणाली, “तांदूळ दिला असता तं एका दिवशी शिजला असता. धान दिलं, ते पेरून पाह्य.”

पेरलं. कोपऱ्यातल्या लहान बांधीत. त्या धानाचा दाणा बारीक, कोणत्याही बारीक धानासारखाच. वेगळेपण पऱ्ह्यात, म्हणजे रोपात, दिसायचं. पऱ्हा वीतभर झाला की त्याचं बूड जांभळं व्हायचं, वांग्याच्या देठाजवळ असतं तसं. बाकी सगळ्या बांध्या हिरव्या आणि माझा तेवढा तुकडा बुडाशी जांभळा. आणि भात शिजला की वास. तो वास मला लिहिता येत नाही. सासू, जी कोणाला चांगलं म्हणायची नाही, तीही पहिल्या वर्षी दोनदा भात मागून जेवली आणि काही न बोलता उठली.

त्या धानाला नाव नव्हतं. आईकडं ते तिच्या आईकडून आलेलं. आई गेली, आणि भावांनी सगळ्या शेतात सोसायटीत विकायचं जाड धान लावलं. जास्त पिकतं, सरकारचं समर्थन मूल्य मिळतं, त्यांचंही चुकलं असं मी म्हणत नाही. पण ते आईचं धान मग फक्त माझ्याकडं राहिलं. दरवर्षी चांगल्या लोंब्या निवडून मी बियाणं धरायचे. तेलाच्या जुन्या डब्यात चुलीची राख मिसळून, वर कडुनिंबाचा पाला, वर फडकं, आणि डबा कोठीच्या खोलीत पलंगाखाली. घरात सगळ्यांना माहीत होतं. त्या डब्याला कोणी हात लावायचा नाही, हा या घरातला माझा एकमेव कायदा होता. बाकी सगळे कायदे यांचे.

उसन्या धानाची फजिती झाल्यावर दोनेक दिवसांनी माझं बैहरला प्रशिक्षण लागलं. उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत मास्तरांना पिडायचं असतं, त्याशिवाय शिक्षण खात्याला अन्न गोड लागत नाही. मी गेले, चार-पाच दिवस मुक्कामी राहिले, परत आले. येऊन पाहते तर गच्चीवर माझी धुतलेली पांढरी साडी अंथरलेली, आणि तिच्यावर मोड आलेलं धान. प्रत्येक दाण्याला नखाएवढा पांढरा कोंब.

“ए-वन मोड आले वैनी!” हा उन्हात उघडा उभा, हातानं धान चाळतोय. “एकही दाणा वाया नाही गेला.”

“कोठून आणलं?”

“कटंगीच्या एका दोस्तानं दिलं. बियाण्याचं. तुम्हीच म्हटलं होतं ना.”

मी नवऱ्याकडं पाहिलं. तो टीव्हीवर कसल्याशा साबणाची जाहिरात इतकी मन लावून पाहत होता की मला वाटलं, उन्हानं डोकं फिरलं असेल याचं. मी साडीवरून बोंबलत राहिले. हौ, साडीवरून! त्या साडीवर धानाचे पिवळे डाग पडले म्हणून मी त्या दोघांना संध्याकाळपर्यंत शिव्या घातल्या. त्यांनी निमूट ऐकून घेतल्या. एवढे निमूट ते कधी नसतात, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं.

मग ती बिअर बनली. माझा स्वयंपाक अंगणात आणि हा माझ्या ओट्यावर. कोंब चोळून काढले, धान तव्यावर परतलं, मिक्सरमध्ये भरडलं. मिक्सरचं भांडं त्या दिवसापासून जे खरखर करतं ते अजून करतं. मोठ्या गंजात पाणी गरम करून त्यात ते भरड टाकलं आणि थर्मामीटर घेऊन राखणदारासारखा बसला. मेडिकलमधून आयोडीन आणलं होतं. बशीत त्या पाण्याचा थेंब घ्यायचा, आयोडीन टाकायचं, काळंनिळं झालं की म्हणायचा, “अजून पीठ आहे, गोडी नाही उतरली.” जवाचं माल्ट असतं तर लवकर उतरली असती म्हणे, धानाला ताकद कमी. मग त्यात गुळाचं पाणी. मग काळा गहू. मग भुईनिंब. पडद्याच्या कपड्यातून गाळलं, बुधल्यात भरलं, आणि तो बुधला बेडरूममध्ये कुलरपुढं ठेवला. घरात एकच कुलर. बालाघाटचा मे महिना. आम्ही नवराबायको हॉलमध्ये पंख्याखाली घाम पुसत झोपलो आणि बिअर गारव्यात.

बिअर तयार झाली त्या दिवशी त्याचे जुने मित्र बोलावले. मला ऑर्डर, पकोडे तळा. मी तळले. आतून आवाज येत होते, “क्या बात है,” “भाई, एकदम विदेशी,” “थोडी खट्टी है, पर मस्त है.” थोडी नाही, चांगलीच आंबली होती. एका मित्रानं अर्धा ग्लास माझ्या तुळशीच्या बाजूच्या कुंडीत ओतला, मी खिडकीतून पाहिलं. ते मोगऱ्याचं झाड होतं, ते आठवड्यात मेलं. नवरा मात्र ग्लास संपवून “वा, वा” करत राहिला.

जाताना दिरानं एक बाटली मला दिली. कागद चिकटवून त्यावर आमच्या घराचं नाव छापलेलं. “वैनी, ही तुमची. तुमच्या किचनची पहिली बिअर.” मी म्हटलं, मी पीत नाही. म्हणाला, राहू द्या आठवण म्हणून. मी ती फ्रिजच्या मागं सरकवून दिली. उरलेल्या बाटल्या त्यानं स्वतःच नालीत ओतल्या आणि बाटल्या धुऊन पुण्याला नेल्या. त्या मात्र मोजून नेल्या.

जूनमध्ये शाळा उघडायची घाई, आभाळ भरून आलेलं, आणि पऱ्हे टाकायचे होते. मी पलंगाखालून डबा ओढला. फडकं काढलं, पाला काढला, हात आत घातला आणि धान टोपलीत ओतलं. हात स्वच्छ होता. राखेनं पांढरा व्हायला पाहिजे होता, झाला नाही. मी पाहिलं, आणि मला वाटलं, राख खाली बसली असेल. बाहेर मजूर बाई हाका मारत होती, “बाई, पाणी येऊन राह्यलं, टाका लवकर.” टाकलं.

पऱ्हे उगवले, वाढले. शाळेत त्या दिवसांत प्रवेशाची धांदल, मी शेतात जाऊ शकले नाही. रोवणीच्या दिवशी सुट्टी काढून गेले. बाया वाकून पऱ्हे उपटत होत्या. त्यातली एक, जी दरवर्षी माझ्याकडं येते, तिनं मूठभर पऱ्हे चिखलातून काढले, पाण्यात खळबळले आणि मला दाखवत म्हणाली, “बाई, यंदा तुमचं जांभळं कोठं गेलं?”

सगळं हिरवं होतं.

मी त्या चिखलात बसले आणि एकेक पऱ्हा पाहायला लागले. जुडीमागून जुडी. बायांना वाटलं माझं काहीतरी हरवलं, त्याही शोधायला लागल्या, अंगठी होती का, बाई, डूल होतं का? एक जांभळं बूड सापडलं असतं तरी मी ते पदरात बांधून घरी नेलं असतं. नाही सापडलं. डबा रिकामा करताना तळाचे दाणेही यांनी झटकून घेतले होते. ‘एकही दाणा वाया नाही गेला.’

घरी आले ती तशीच, चिखलाच्या पायांनी. नवरा चहा पीत होता. मी पऱ्ह्याची जुडी त्याच्या पुढ्यात, चहाच्या बशीत ठेवली.

“हे काय आहे?”

त्यानं जुडीकडं पाहिलं, मग स्वतःच्या चपलेकडं पाहिलं. आणि मला सगळं कळलं. म्हणजे धान कोणी नेलं ते कळलंच, पण हा माणूस त्यात होता, हेही कळलं.

मग हळूहळू बाहेर आलं. भावाचं तोंड उतरलं होतं, मित्रांना सांगून बसला होता, काही बनलं नसतं तर हसं झालं असतं. धान बियाण्याचं पाहिजे होतं आणि घरात बियाणं एकच होतं. माझ्या नवऱ्यानं मोटरसायकल काढली, कृषी केंद्रातून बारीक धानाची थैली आणली. दोघांनी तळहातावर दोन्ही दाणे ठेवून पाहिले. सारखेच दिसले. डब्यात ते भरलं, वरून पाला टाकला, फडकं बांधलं. राखेचं त्यांना सुचलंच नाही.

“मी म्हटलं होतं त्याले,” नवरा म्हणाला, “का तुह्या वैनीले विचारू. तो म्हणे, दादा, धान धानच असते, त्याच्या जागी हे चालते.”

“अन् तुमाले काय वाटलं?”

“मलेही वाटलं... धानच आहे.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेहतीस वर्षं मी या माणसाच्या ताटात तो भात वाढला. आईचं श्राद्ध मी त्या तांदळाच्या खिरीनं घालायचे. मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही, गल्लीनं ऐकलं आहे, तेवढं पुरे. त्या दिवशी घरात चूल पेटली नाही आणि गॅसही पेटला नाही. त्यानं बिस्किटं खाल्ली.

मग मी शोधत फिरले. भावांना फोन केला. मोठा म्हणाला, “ते जांभळं? ते तं कवाच बंद केलं आपण.” कटंगीच्या बाजारात म्हाताऱ्या बायांना विचारलं, तिरोडीकडं शाळेतल्या बाईंच्या सासरी विचारलं, तुमसरच्या मावशीला विचारलं. सगळ्या हौ म्हणायच्या, हौ, होतं पूर्वी, वास मारायचं, आम्हीही खाल्लं आहे लहानपणी. डोळे मिटून आठवायच्या. मला कोणाची आठवण नको होती, मला मूठभर धान पाहिजे होतं. ते कोणाकडंच नव्हतं.

नवरा रोज म्हणायचा, “मी बोलतो त्याच्याशी.” बोलला नाही. मीही फोन केला नाही. दीर स्वतः फोन करून सांगतो का, ते मला पाहायचं होतं. पोळा गेला, दसरा गेला. त्याचे फोन यायचे, नवऱ्याशी क्रिकेटचं बोलायचा, “वैनीले नमस्कार” म्हणायचा आणि ठेवून द्यायचा.

धान निघालं. बरं पिकलं, खोटं काहून बोलू. दरवर्षी दिराला पुण्याला तांदूळ जातो. मित्रांना वाटतो तो, आमच्या घरचा, आमच्या मातीचा म्हणून मिरवतो. या वर्षी नवरा म्हणाला, “राहू दे का मग?” मी म्हटलं, काहून राहू द्यायचं? दरवर्षीसारखीच कापडी पिशवी शिवली, दरवर्षीसारखीच गाठ मारली, आणि कृषी केंद्राच्या थैलीतून पिकलेला तो तांदूळ मुद्दाम पाठवला. जीभ त्याची काय म्हणते ते पाहू म्हटलं.

आठवड्याभरानं फोन आला. या वेळी माझ्याच मोबाइलवर.

“वैनी! तांदूळ भेटला. अवं काय वास! कुकरची शिटी झाली अन् शेजारचे दारात. म्हणे, हा कोणता तांदूळ? मी म्हटलं, पैसे देऊनही भेटणार नाही असा.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“खरं सांगू वैनी? मी भेऊन राह्यलो होतो.” त्याचा आवाज खाली आला. “मले वाटलं तुमचं ते धान... दादानं तुमाले सांगितलं का नाही, मले माहीत नाही. पण आता भात खाल्ला अन् जीव भांड्यात पडला. म्हणजे थोडंफार राह्यलंच होतं डब्यात. काही बिघडलं नाही ना.”

“काही राह्यलं नव्हतं भाऊजी,” मी म्हटलं. “तुम्ही जे भरून ठेवलं तेच पेरलं, तेच पिकलं. दुकानातलं. त्याचाच भात खाऊन राह्यले तुम्ही.”

तिकडं टीव्ही चालू होता. कोणीतरी तो बंद केला.

“पण वास तं येऊन राह्यला वैनी,” तो म्हणाला.

खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच येत होता. मला वाटलं होतं, हे ऐकून मला जिंकल्यासारखं होईल. झालं उलटंच. मी तिथंच ओट्याला टेकून खाली बसले. इतकी वर्षं मी त्या लोंब्या निवडल्या, राखेत हात काळे-पांढरे केले, शिजवून यांच्या ताटात वाढलं, आणि या घरात तो वास एका माझ्याशिवाय कोणाला कधी आलाच नव्हता. सासूला आला असेल. ती बोलली नाही, पण तिनं दोनदा मागितला होता.

“कोठंच नाही काय मग ते आता?” त्यानं विचारलं. आवाजात थोडी लाज होती, तेवढं मी त्याच्या पदरात टाकते.

“आहे. तुम्ही मले बाटली दिली होती ना, तिच्यात आहे. जगात तेवढंच आहे.”

“ती अजून ठेवली काय तुमी?” तो हसला. सुटका झाल्यासारखा हसला. “अवं फेका वैनी ती! कवाचीच खराब झाली असन. पुढच्या उन्हाळ्यात येतो तं चांगलं माल्ट घेऊन येतो, असली बनवून देतो तुमाले.”

मी फोन कापला.

संक्रांतीच्या आधी घराची सफाई झाली. फ्रिज ओढून मागची भिंत पुसली, जाळी काढली, आणि बाटली होती तिथं परत ठेवली. नवऱ्यानं एकदा विचारलं, उघडून पाहायची का. मी त्याच्याकडं असं पाहिलं की तो कपडे वाळत घालायला गच्चीवर गेला. कोणी तिला हात लावून तर पाहा. मीही उघडत नाही. उघडली आणि वास आला नाही तर?